पाणी सोडलं

अडवू नका त्यांना, बन्सी. दार उघडा. या मनकर्णाबाई, पुढं या. खाली नको, खुर्चीवर बसा. द्वारकाबाई, हार तसाच राहू द्या. तुम्हीही बसा.

सन्माननीय अध्यक्ष अनंतराव, व्यासपीठावरील पाहुणे, बालविभागातले माझे सहकारी, आणि उद्यापासून ज्यांच्याशिवाय आम्हाला हा विभाग चालवायचा आहे त्या द्वारका सिस्टर. निरोपाचं भाषण मी लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू देतो. आत्ता आलेल्या बाई सत्काराला आलेल्या नाहीत. जाब विचारायला आल्या आहेत, आणि ज्यांना विचारायचा त्या उद्या इथं नसतील.

मनकर्णाबाई सोयगावच्या. त्यांची नात आमच्या हीटरखाली आहे. सातवा महिना लागताच जन्मली. वजन रोज घटतं आहे. सिस्टर तिला पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. प्लास्टिकला आतून थेंब धरतात.

"भाजी बांधतेत तसं लेकरू बांधलंय," आजी मला म्हणाल्या. "ह्या बाई काय करतेत, आन् सुनेचं दूध देतो ते जातंय कुठं?"

आज सकाळी तपासणीच्या वेळी सिस्टर मला म्हणाल्या, "हिनं लई पाणी सोडलंय." आजी दारात होत्या. त्यांच्या कानावर दोनच शब्द पडले: पाणी सोडलंय. आपल्याकडं पाणी कशावर सोडतात, हे या सभागृहात कुणाला सांगायला हवं का? दानावर सोडतात. आशेवर सोडतात. आजींनी सुनेला सांगितलं, "ह्यांनी पोरीवर पाणी सोडलंय. उद्या सकाळी घरी न्यायची."

संशय एकाच बाजूला नव्हता. घरी न्यायची म्हणताच माझ्याही मनात आलं, मुलगी आहे म्हणून तर नव्हे? मी तसं विचारलं.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "नकोशी असती तर सोयगावाहून इथवर आणली असती व्हय?"

माझा प्रश्न मी मागं घेतला.

तेव्हा मनकर्णाबाई, सिस्टर जे बोलल्या त्याचा अर्थ एवढाच: पोरीच्या अंगातलं पाणी कातडीवाटे बाहेर जातं आहे. सिस्टरांनी पाणी सोडलेलं नाही. पोरीचं पाणी सुटतं आहे.

काय म्हणालात? मोठ्यानं विचारा, सगळ्यांना ऐकू द्या. 'मग पोटात कसं सुटत नव्हतं?'

पोटातही सुटत होतं. पण तिथं बाहेरही पाणीच होतं. पोटातल्या लेकराची कातडी आधी आपल्या कातडीसारखी नसतीच. मलमलीसारखी असते. तिच्यातून पाणी आत जातं, बाहेर येतं. आतलं आणि बाहेरचं एकमेकांना धरून राहतं. पाचवा-सहावा महिना सरता सरता तिच्यावर पापुद्रा चढू लागतो आणि कातडी हळूहळू मिटते. पुढं लेकरू पाणी गिळतं, लघवीवाटे सोडतं, आणि हिशेब तसाच राहतो. तुमची नात कातडी मिटायच्या आधीच बाहेर आली. ओला कपडा हौदात बुडालेला असतो तोवर वाळत नाही. बाहेर काढून दोरीवर टाकला की आपल्या इथल्या उन्हात किती वेळ लागतो?

'आन् तुमचा हीटर?' व्हय, तोही वाळवतो. खोटं सांगणार नाही. पण तो काढला तर पोरगी गार पडेल. म्हणून वर प्लास्टिक. ते थेंब तिचेच आहेत. प्लास्टिक नसतं तर तेही उडून गेले असते आणि तुम्हाला दिसलेही नसते. हवेत आल्यावर कातडी लवकर मिटायला शिकते. दोन-तीन आठवडे द्या. उद्या नेली तर घर येईपर्यंत टिकेल की नाही, मला सांगता येत नाही. हे समारंभात बोलायचं वाक्य नव्हे, ठाऊक आहे.

दुपारी चहाच्या वेळी मी सिस्टरांकडं तक्रार केली, की ही आजी तुमच्यावर डोळा ठेवून आहे. त्या म्हणाल्या, "ठेवू द्या की. संशय घेणारी आजी मला परवडते. जी काहीच विचारत नाही, तिच्या नातीसाठी मला भीती वाटते." त्यांच्या सेवेविषयी मी आणखी काय सांगू?

मनकर्णाबाई, आमच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. संशय तसाच राहू द्या, पण तो पोरीच्या उशाशी बसून घ्या. उद्यापासून तिथं एक स्टूल तुमचं. सिस्टर नसतील, तेव्हा डोळा ठेवायला कुणीतरी लागेलच.

द्वारकाबाई, सत्काराचं भाषण तुमच्या वाट्याला धड आलं नाही, याचं वाईट वाटतं. सभेनं शांतपणे ऐकलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो दोष माझा समजून पोटात घालावा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई गाठोडं बांधून वॉर्डात आल्या. वजन होईस्तोवर थांबते म्हणाल्या. काटा कालच्याच आकड्यावर थांबला. त्यांनी वजन पुन्हा करायला लावलं. मग गाठोडं सोडलं.