शिरकाव

— हो, कळलं, महत्त्वाचं बोलायचंय. कामाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कुणी मैत्रिणीच्या आईच्या प्रयोगशाळेत येतो, तो लिफ्टबद्दल बोलायला येत नाही. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो — आणि दुरुस्त करायला बसू नकोस, ते विद्यापीठाचं आहे, त्याला अर्ज करावा लागतो. कशाला हात लावू नकोस एवढं पाळ, म्हणजे झालं. तुला वाटत असेल, ही बाई बोलू का देत नाही — देणार आहे. पण लेकीला मागणी घालायला आलेल्याला जरा तंगवायचं, हा आईचा हक्क आहे. शिवाय आज सकाळी माझ्या हाती जो निकाल आलाय तो ऐकायला ह्या इमारतीत दुसरं कुणी मोकळं नाही. तेव्हा आधी माझं, मग तुझं.

ही प्लेट बघ. लांबून. मोहरीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांची ही जी दाटी दिसते, त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूची सगळी प्रजा, आणि ही प्रजा औषध मिसळलेल्या थरावर वाढली आहे — ज्या औषधानं तिनं मरायला हवं होतं. मरत का नाही? कारण शेजारच्या जिवाणूनं तिला काहीतरी दिलं. काय दिलं? प्लाझ्मिड. म्हणजे डीएनएचं एक लहानसं वर्तुळ, जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळं — बिऱ्हाडकरू म्हण, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा. त्या बिऱ्हाडात औषध निकामी करायची कृती असते. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, नात्यागोत्याची फारशी अट नाही — आणि मग कालपर्यंत साध्या गोळीला नमणारा जंतू रुग्णालयात डॉक्टरांच्या हातावर तुरी देतो. ऐकायला गमतीचं आहे. ज्याचं माणूस खाटेवर असतं त्याला गंमत वाटत नाही.

पण जिवाणू म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. आत पहारा असतो. कात्र्या घेऊन उभी असलेली विकरं — परका डीएनए दिसला की कचाकच तुकडे. घरच्या डीएनएवर खूण केलेली असते म्हणून तो वाचतो. शिवाय पूर्वी कोण घुसलं होतं ते लक्षात ठेवणारी आणखी एक व्यवस्था — माझ्या सासूबाईंसारखी, कुणी केव्हा काय बोललं ते सगळं पाठ. एवढा बंदोबस्त, तरी प्लाझ्मिड शिरतंच. कसं? — तू कशाला सांगशील, मीच सांगते. ते एकदम सगळं आत येत नाही. दोन पेशी एकमेकींना चिकटतात आणि ते दोऱ्यासारखं, एका टोकानं सरकत सरकत येतं. त्या पुढच्या टोकावर काय असतं? औषधावरची कृती? छे. पहारेकऱ्यांना गप्प करायची सामग्री. निम्मं अंग दाराबाहेर असतानाच ती कामाला लागते, कात्र्या बोथट होतात, आणि सामानसुमान मागून निवांत. आम्ही काय केलं — तीच सामग्री उचलून शेपटीला लावली. प्लाझ्मिड तेच, जनुकं तीच, फक्त क्रम उलटा. ही दुसरी प्लेट. दिसतंय? चुकार ठिपके. बाकी सगळ्यांची उंबऱ्यातच चिरफाड. म्हणजे सगळा खेळ आधी काय आत जातं ह्याचा — अर्थात एका प्रयोगावरून 'सगळा' म्हणू नये, पुन्हा करून बघायला हवं. पण तू परीक्षक नाहीस, तुझ्यापुढे म्हणते.

आणि हे बघताना मला सकाळी तू आठवलास. हसू नकोस. — हसत नाहीयेस? मग ठीक आहे, तसाच बस. तू आमच्या घरात कसा शिरलास ते आठव. लेकीनं मित्र म्हणून आणलं, आणि पहिल्या दिवशी तू लग्नातला 'ल'सुद्धा काढला नाहीस. सासूबाईंचं कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं, ते घेऊन नीट करून दिलंस. झालं, एक पहारा पडला — आता त्या ते यंत्र माझ्या हातात देत नाहीत, म्हणतात, रविवारी तो येईल, तो बघेल. मग लेकीचे बाबा. त्यांच्याशी बुद्धिबळात हरलास. आणि नुसता नाही, चांगला घाम गाळून हरलास, हरायलाही अक्कल लागते. दुसरी कात्री बोथट. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तरी तुझे रविवार चालूच, आणि सामान मागून निवांत आलं — कोठीच्या खोलीतली एक फळी तुझ्या हत्यारांची, आणि घरातला नळ गळला की सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव. फरक एवढाच की प्लाझ्मिडला हेतू नसतो. ते ठरवून काही करत नाही, ज्याचं जमलं ते उरतं. तुला हेतू होता. इथं उपमा संपते. विद्यार्थ्यांनी ती ह्यापुढे ताणली तर मी गुण कापते.

राहिले मी. मी विरोधात होते, लपवत नाही. लिफ्टची देखभाल करणारा जावई — हिचं शिक्षण काय, तुझं काय — बोलले होते तिला, तिनं तुला सांगितलंही असेल. माझ्यासाठी तू काय घेऊन येतोस ह्याची मी वाटच बघत होते; कौतुक केलंस की तिथंच धरीन. आणि तू काय केलंस? भांडी विसळता विसळता विचारलंस, 'काकू, त्या प्लेटमध्ये तुम्ही नेमकं काय बघता?' एवढंच. आणि माझं उत्तर संपेपर्यंत नळ बंद करून उभा राहिलास. आमच्या घरात हा प्रश्न — वर्षानुवर्षं मी स्वयंपाकघरात येऊन म्हणते, आज छान निकाल आला, आणि कुणीतरी म्हणतं, हो का, जरा मीठ दे. — हे मी तुला का सांगतेय? असो. तर, होकार. घेऊन टाक. वरची माझी अभ्यासाची खोली रिकामी करायला काढली आहे. पुस्तकं सगळी जिन्यात, लेकीचे बाबा रोज ठेचकाळतात आणि माझ्या नावानं खडे फोडतात. ती परत आली की तुम्ही दोघं तिथं राहा — खिडकी मोठी आहे, उजेड छान येतो. लेकीचं लग्न ठरतंय असं विभागप्रमुखांनाही बोलून बसलेय, त्यामुळे आता मला माघार नाही. चल, बोल. तुझं महत्त्वाचं.

— काय?

नाही, ऐकू आलं. थांब, ही प्लेट झाकते. — कधी? — म्हणजे महिना होऊन गेला. आणि परवा फोनवर ती मला तिकडची हवा कशी आहे ते सांगत होती. — तोडायचं, हा तिचा निर्णय. बरं. — का, ते तू नको सांगूस. ते तिनं सांगायचं, आणि ती सांगेल तेव्हा मी तिचीच आई असेन, हे लक्षात ठेव. म्हणजे तू निरोप घ्यायला आला होतास. आणि मी तुला खिडकी, उजेड — अरे, तू कशाला माफी मागतोस, तोंड उघडू कुणी दिलं तुला? पण एक सांग. महिना झाला म्हणतोस, मग त्यानंतरचे रविवार? परवाच्या रविवारी तू आमच्याकडे बसून उंट गमावलास, तो कुठल्या नात्यानं? — असं. आजींना कसं सांगायचं ते कळेना. — आणि तुलाही सवय. हं.

मघाशी एक गोष्ट राहिली. मी इतकी वर्षं शिरण्याचाच अभ्यास केला; जाण्याचा शेजारच्या खोलीतले करतात. काही प्लाझ्मिडं आत आल्यावर पेशीकडून दोन पदार्थ करवून घेतात, एक विष आणि एक त्यावरचा उतारा. विष टिकाऊ असतं, उतारा नाशवंत, तो सतत ताजा लागतो. प्लाझ्मिड आहे तोवर दोन्ही आहेत, पेशीला पत्ताही नसतो. ते निघून गेलं की उतारा संपतो, विष मागे उरतं, आणि पेशी — विज्ञान एवढंच आहे. पुढचं बोलले तर माझेच गुण जातील.

ऊठ. मला ठिपके मोजायचेत. आणि हे बघ, सासूबाईंना मी काही सांगणार नाही. ते काम तुझं, समोर बसून, आधी त्यांच्या कानातलं नीट करून. रविवारी ये आणि सांग. जेवणाआधी नको, त्यांचं अन्नावरून मन उडेल. जेवल्यावर त्या लगेच आडव्या होतात, तेव्हाही नको. उठेपर्यंत ह्यांनी डाव मांडलेला असतो, तो मोडून कसं चालेल. — तर मग त्याच्या पुढच्या रविवारी सांग. जा आता. दार ओढून घे.