एकेचाळिसावं मिनिट

...नाय, पण मला एक सांगा, भिंतीवरच्या चित्रानं हलायचं कशाला? चित्रानं गप बसावं! खिळा ठोकला, टांगलं, धूळ बसली तर फडकं मारलं, झालं. आता म्हणे चित्राला वेळ लागतो! काढायला लागतो हे ठाऊक होतं, बघायलापण लागतो? हे मला शिकवलं मालूनं. मालू म्हणजे आमच्या जोहे गावातल्या गोविंदाची पोरगी. मुंबईला चित्रांच्या कॉलेजात शिकली, आणि परत आल्या आल्या तिनं पकडलं कोणाला? मला!

तुम्हाला सांगतो, मी हैबतरावांच्या कारखान्यात गणपतीचे डोळे काढतो. चाळीस वर्षं. पीतांबर कोणी रंगवा, सोंड कोणी रंगवा, डोळ्यांची आखणी माझी. मालू म्हणाली, "तात्या, मी नुसता तुमचा हात शूट करणार. एक तास. मध्ये कुठंच कापणार नाय." मी म्हटलं, "कर गो, माझ्या हाताला कसली लाज?"

लाज नव्हती हो, थरथर होती! हे मी कधी कोणाला सांगितलं नाय, तुम्हालाच सांगतोय. दम रोखायचा, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, की उजवा डोळा झकास होतो. डाव्याला आलो की हात सुटतो. कोणी जवळ आलं की मी शिवी हासडतो, माणूस पळतो. लोक मला खडूस म्हणतात ते काय उगाच? मेहनत हाय त्यात! पण कॅमेऱ्याला शिवी कळत नाय ना...

मग मांडलं तिनं प्रदर्शन, रोह्याला, जवळच्या वरसे गावातल्या एका नव्या हॉलमध्ये. आठ दिवस. आत काळोख, आणि समोरच्या भिंतीवर माझा हात. केवढा? दरवाजाएवढा! नखातला रंगसुद्धा दिसतोय. चाळीस मिनिटं हात कसा, लोण्यावरून सुरी फिरावी तसा. आणि मग येतं एकेचाळिसावं मिनिट. ब्रश डाव्या बुबुळापाशी येतो आणि हवेतच लटकतो. थरथर, थरथर, थरथर! मी डाव्या हातानं उजवं मनगट धरतो, तेपण दिसतं! रविवारी हैबतराव येणार होते बघायला. बघितलं की संपलं. ब्रश दुसऱ्याच्या हातात, आणि मी पॉलिश पेपर घेऊन मूर्त्यांची पोटं घासायला!

मी मालूला गाठलं. "गो बाय, तेवढं एक मिनिट काप."

"तात्या, तेच तर खरं काम हाय! त्या मिनिटात सगळं आलंय."

"अगो, त्या मिनिटात माझी नोकरी आली हाय!"

हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

बरं, चित्र एका तासाचं, संपलं की परत पहिल्यापासून. सकाळी अकराला चालू. म्हणजे अकरा एकेचाळीस, बारा एकेचाळीस, एक एकेचाळीस... सहा वाजेपर्यंत दर तासाला माझी अब्रू जाणार, तीपण टायमावर! एसटी तरी कधी उशिरा येते!

पहिल्याच दिवशी, बारा एकेचाळिसाला, मला राहवलं नाय. उठलो, आणि गेलो नेमका भिंतीवर चित्र फेकणाऱ्या त्या मशीनच्या पुढून. भिंतीवर माझी सावली पडली, आणि हात गायब! मी तिथंच थांबलो. मिनिट गेल्यावर बसलो. मग काय, रोज जोह्याहून पेण एसटीनं, पेणहून रोहा गाडीनं, पुढं वरश्यापर्यंत रिक्षा, डबा घेऊन. मिनिट आलं की उभा, गेलं की बसा. घरीसुद्धा तेच! घड्याळात आठ एकेचाळीस झाले आणि मी टीव्हीपुढं उभा. आमची बायको गिरजाबाई ओरडली, "अहो सरका, मालिका दिसत नाय!"

आणि लोक? लोक टाळ्या वाजवायला लागले! अलिबागची एक बाई गॉगल डोक्यावर चढवून म्हणते, "किती धाडसी! कलाकार स्वतःच चित्रावर पडदा टाकतो!" धाडस कसलं, नोकरी वाचवत होतो मी! मालू तर नाचायलाच लागली. "तात्या, तुम्ही चित्र पुढं नेलंत!" मी म्हटलं, "मी कुठं काय नेलं? मीच रोज डबा घेऊन येतोय!"

उजाडला रविवार. हैबतराव आले, संगती कारखान्यातली सरू, पीतांबर रंगवते ती. बसले बरोब्बर मधल्या खुर्च्यांवर. बारा चाळीस... मी उभा. आणि आलं एकेचाळिसावं मिनिट. म्हटलं जरा नीट झाकावं, म्हणून हात वर केला. भिंतीवर बघतो तर काय, माझ्या हाताची सावली, म्हशीएवढी, आणि तीच थरथरतेय! झाकायला गेलो ते दुप्पट दाखवून बसलो!

"तात्या, बसा," हैबतराव म्हणाले. रागानं नाय हो, हळू. तेच जास्त भयंकर! "चार वर्षं ठाऊक हाय आम्हाला. तुम्ही घरी गेलात की सरू डावा डोळा पुसते, नवीन काढते. उजवा तुमच्यासारखा कोणाला जमत नाय, म्हणून तो तसाच ठेवतो."

"मग मला बोलला का नाय?"

सरू म्हणाली, "जवळ आलं की तुम्ही शिवी घालता, तात्या!"

घ्या! चार वर्षं मी दम रोखून मरतोय, आणि गावभरच्या गणपतींचा उजवा डोळा माझा, डावा हिचा!

ब्रश हाय अजून माझ्याकडंच. उजव्यापुरता. पण भीती काय सुटली नाय, कारण मालूनं काल पत्र आणलंय, नागपूरच्या प्रदर्शनाला बोलवलंय, आठ दिवस, आणि चित्र सावलीसकटच पाहिजे म्हणे. जातोय, काय करणार? मालूला एकच अट घातली, सरूलापण घे. सावली बिघडली तर पुसून नवीन काढायला कोणी नको?