साडेसहापर्यंतची शाळा

...नाही, मला सांगा, माणसाने मीटिंगमध्ये तोंड उघडावंच कशाला? आमच्या शाळेची रीतच आहे हो, मीटिंगमध्ये जो बोलेल त्याच्याच गळ्यात काम, म्हणून सगळे कसे माना खाली घालून वहीत फुलं काढत बसतात. मीही अठरा वर्षं फुलंच काढली! पण त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, नववीची गणिताची सरासरी बेचाळीसच का? आणि नववीला गणित शिकवतो मी! तोंडातून निसटलं, "बाई, वेळच पुरत नाही." झालं! पाचला सुटणारी शाळा सोमवारपासून साडेसहाला सुटायला लागली. जादा तासांचा प्रमुख कोण? मी. आणि बोललं कोण? मीच!

तुम्हाला सांगतो, साडेपाचला माझा पोहण्याचा क्लास असायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी मोठ्या धीराने नाव घातलं होतं, कठडा सोडून चार हात मारायला लागलो होतो... चार! पोहण्याचे मास्तर म्हणाले, इतका खाडा पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आता साडेपाचला मी फळ्यासमोर, आणि पुढ्यात चाळीस मुलं उघड्या डोळ्यांनी झोपलेली! एकाला विचारलं, समजलं का रे? तर "हो सर" म्हणतो, आणि मी अजून शिकवायला सुरुवातच केली नव्हती! स्टाफरूमचं तर विचारूच नका. भूगोलाच्या बाईंनी अबोला धरलाय, आणि पीटीचे सर येता-जाता माझी नक्कल करतात, "वेऽळच पुरत नाऽही..." बरं, चिडायचं कुणावर? बोललं कोण? मीच!

तीन महिन्यांनी चाचणी आली आणि माझी झोपच उडाली. म्हणजे बघा, सरासरी घसरली तर बाई म्हणणार, वेळ अजून कमी पडतोय. वाढली तर म्हणणार, बघा गुण आला, आणखी वाढवू! आपण दोन्हीकडून मेलो की नाही? आणि निकाल काय लागावा? बेचाळीस! तेव्हाही बेचाळीस, आताही बेचाळीस, एका गुणाने इकडे नाही की तिकडे नाही... त्या पोरांना पोटाशी धरावंसं वाटलं मला! बाईंचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, पालकसभेत विचारू, पालक नको म्हणाले तर बंद. मी त्याच संध्याकाळी पोहायचा नवा चष्मा घेऊन आलो.

सभेला आमची हीसुद्धा होती, कारण आमची लेक त्याच नववीत. म्हटलं, चला, घरचं एक मत तरी पक्कं, नवरा आणि लेक रोज कसे पाय ओढत घरी येतात ते ती बघतेच ना बिचारी! बाईंनी विचारलं, जादा तास बंद करायचे का? पहिला हात वर गेला तो हिचा. मी भूगोलाच्या बाईंकडे बघून छाती फुगवली, म्हटलं ऐका आता.

ही शांतपणे उठली. "बाई, गुणांचं राहू द्या. पण साडेसहापर्यंत घर कसं निवांत असतं. तास बंद करू नका. जमलं तर सरांना अजून अर्धा तास थांबवून घ्या."

टाळ्या हो, टाळ्या! सगळ्या पालकांच्या!

सतरा वर्षांच्या संसारात बायकोने मला पहिल्यांदा 'सर' म्हटलं, तुम्हाला सांगतो... आणि तेही घराबाहेर ठेवायला!