आमेनची वाट पाहताना

नव्या मशिनीचं कौतुक मला सांगू नका. आमच्या सदर भागातल्या चर्चमध्ये टीव्ही आला तेव्हा मी हजर होतो. त्याआधी दर नाताळला दिल्लीची उपासना आम्ही हॉलमधल्या जुन्या रेडिओवर ऐकायचो. कुणाची काही तक्रार नव्हती. पण आमचे सेक्रेटरी सॅम्युएलराव म्हणाले, “रेडिओचा जमाना गेला गा. आता सारं उपग्रहावरून येते.” झालं. रेडिओ अडगळीत गेला आणि अँटेना घंटेच्या बुरुजावर चढली, क्रुसापेक्षा हातभर उंच.

नाताळला हॉल गच्च भरला. पडद्यावरचे बिशप म्हणाले, “आइए, प्रार्थना करें,” आणि आवाज जो गेला तो गेलाच. तोवर आम्ही उभं राहून डोळे मिटले होते. सगळ्यांना वाटलं, मौन प्रार्थना असेल. आणि आमच्यात आमेन ऐकल्याशिवाय कोणी डोळे उघडत नाही. दहा मिनिटं झाली. शेजारची मार्था मावशी कुजबुजली, “काहून रे, बिशप झोपले का?”

मी एक डोळा उघडला. बिशप कधीच गेले होते. शेतीचा कार्यक्रम लागला होता. एक डॉक्टर म्हशीला सुई टोचत होता, आणि त्या म्हशीपुढे आमची शंभरेक माणसं हात जोडून, मान खाली घालून उभी होती.

मी सॅम्युएलरावांना कोपर मारलं. त्यांनी डोळे उघडले, पडद्याकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाले, “पण चित्र पाह्य ना गा, किती साफ येऊन राहिलं.”

शेवटी आमेन मलाच म्हणावं लागलं.