मुस्कानची मान

तुम्हाला सांगते, कादंबरीवरनं काढलेल्या त्या मुसलमानी प्रेमाच्या सिरियलनं आमच्या गल्लीला येडं केलं होतं. दुपारची भांडी तशीच टाकून आम्ही सगळ्या बायका शेजारच्या रेहानाभाभीच्या टीव्हीपुढं. शेवटच्या भागात काझीनं विचारलं, "कबूल है?" आणि ती पोरगी भर मांडवात म्हणाली, "नाही." आम्ही टाळ्या पिटल्या. भाभी तर डोळं पुसत म्हणाली, "शाब्बास, माझी वाघीण!"

मागं भाभीची मुस्कान चहा घेऊन उभी. रविवारी तिचाच निकाह होता, कागलच्या एका बिजवराशी. ती हळूच म्हणाली, "अम्मी, मीबी असंच सांगू?"

भाभीनं टीव्ही बंद केला. "ती सिरियल हाय. हितं पत्रिका वाटून झाल्यात."

रविवारी मी आत मुस्कानजवळच बसले होते. काझींनी आत येऊन विचारलं, तर पोरगी गप्प. "लाजतीय," म्हणत भाभीनं मागनं तिची मान खाली दाबली. तोच होकार धरला, लगेच बाहेर मुबारक, मुबारक.

मुस्कान माझ्याकडं वळली. "मावशी, बघितलासा न्हवं?"

"बघितलं की, बाई. तुला निदान विचारलं तरी. आमच्यात विचारायची पद्धतच न्हाय."