वात, फडकं आणि नाग

— नाय, नाय, ती खुर्ची पुढे ओढू नका, तिचा एक पाय लंगडा हाय. तिथंच बसा. तर काय विचारत होतात, मायकल — पोरगी नक्की शिकते काय? सांगतो. ऐकून रोह्याला पळालात तर मला दोष नाय द्यायचा. माझी नात दीना फारोची भाषा शिकते. व्हय, तोच फारो. मिसरचा, इजिप्त म्हणतात त्याचा. ज्याच्या तावडीतून सुटलो म्हणून आपण दरसाल पेसाहला बिनखमिराची भाकर खातो, तोच. आपले वाडवडील तिथनं जीव घेऊन पळाले, समुद्र फाटला तेव्हा कुठे वाचले — आणि ही उलट्या पावली चालली, फारो काय म्हणत होता ते विचारायला. बरं, शिकायला जायचं कुठे? जर्मनीत. हसता काय? यहुद्याच्या पोरीने सगळ्या पृथ्वीवरनं दोन देश निवडले, मिसर आणि जर्मनी. मी म्हटलं, दीना, आपल्यावर डूख धरलेला तिसरा एखादा देश राहिला असेल तर तोही बघून ये, एकाच तिकिटात होईल.

आधी कुठे शिकली? आई लवकर गेली तिची. बाप, म्हणजे माझा मोठा पोरगा, इस्रायलला कारखान्यात लागला. ही माझ्याकडे वाढली, इथं, पेणला. मुंबईला कॉलेज केलंन, मग बापाकडे जाऊन त्या लिपीचं शिक्षण घेतलंन. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! ती म्हणे नुसती बाराखडी झाली, आता वरचं शिकायचं. व्याकरण. मेलेल्या भाषेला व्याकरण असतं, ठाऊक हाय तुम्हाला? मला नव्हतं. एखादी गोष्ट झाली, होतेय का होणार हाय, एवढ्यावरनं मोठमोठे विद्वान जन्मभर भांडतात म्हणे. मी म्हटलं, चार हजार वर्षांमागची गोष्ट ना? मग झाली ती. भांडता कशाला? — तर ही पोट धरून हसते.

आणि लिपी कसली, चित्रं. पक्षी, पाय, टोपल्या. म्हटलं, एवढ्यासाठी जर्मनी कशाला, आपल्या पेणला गणपतीच्या कारखान्यात जा, डोळे आखायला माणूस पायजेच असतो त्यांना. तर म्हणते, आजा, चित्रं नाय, अक्षरं हायेत. आणि खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मला आवडली — त्यात काना नाय, मात्रा नाय, वेलांटी नाय. नुसती उघडी अक्षरं, मधलं ज्याचं त्याने समजायचं. मी दुसरीत शाळा सोडली ती या वेलांटीपायी. मास्तरांनी छडीने हात सोलला माझा. फारोच्या शाळेत असतो तर पहिला नंबर असता.

माझं नाव, हासाजी, तिने मागल्या दारावर खडूने काढलंन. ह म्हणजे पिळलेली वात. स म्हणजे घडी घातलेलं फडकं. ज म्हणजे नाग, फणा काढलेला. वात आणि फडकं — बघा, तेल्याचंच नाव! जन्मभर तेलाचा घाणा चालवला, आपला शनवार पाळून त्या दिवशी बंद ठेवला, ते फारोलाही कळलं. आणि सगळ्यात शेवटी एक बसलेला माणूस. तो वाचायचा नाय. तो नुसता बसून सांगतो, हे माणसाचं नाव हाय म्हणून. म्हटलं, हे झाक काढलंस गो, घाणा बंद झाल्यापासून मी हेच करतो.

तर काय झालं — शेजारची धोंडुबाई सकाळी मागल्या दारी आली. नाग बघितलान. नागपंचमी तोंडावर. नागाला हळदकुंकू, पुढ्यात लाह्या, दुधाची वाटी. मी बाहेर येतो तर बाई माझ्या नावाला हात जोडून उभी! म्हटलं, धोंडुबाई, हे काय गो? तर मलाच म्हणते, हासाजी, तुमच्यातपण नाग पुजतात, इतकी वर्षं बोलला नाय कधी! आता काय सांगू तिला? म्हटलं, पूज. जन्मात कोणी माझ्या नावाला दूध दाखवलं नव्हतं.

दीनाचं? तिचं सोपं हाय. द म्हणजे हात, न म्हणजे पाण्याची लाट. हात आणि पाणी, झाली दीना. मी तेव्हाच म्हटलं, बरोबर हाय. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं, हाताशी पाणी देणारं कोणीतरी — म्हणजे — तसं नाय. मला नाय लागत. मी माझं माझं घेतो. विषय रोह्याचा चालला होता. रोहा चांगलं. गाडीत बसलं की कासू गेलं, नागोठणं गेलं, आलं रोहा. पोरगी सकाळी तिथनं निघाली तर दुपारी माझ्या पानाला पान लावून जेवेल. तुमचा पोरगा जोनाथन कंपनीत कायम झाला, शिफ्ट कुठलीही असो, इस्रायलला जायचं खूळ नाय त्याच्या डोक्यात. सगळी चौकशी केली होती मी. म्हणून तर मिठागरावरचा जनू तिकडे निघाला तेव्हा त्याच्या तोंडी सोयरिकीचा निरोप धाडला — व्हय, मीच धाडला. तिला ठाऊक नाय. तिला वाटतं, तुम्ही घाण्याचं लाकूड बघायला आलात. जरा हळू बोला.

बरं, तुमचं म्हणणं काय? — हां. लग्न झालं की शिकणं बंद. जर्मनी बंद. — ऐकलं, ऐकलं, कान शाबूत हायेत. ज्या भाषेचा बोलणारा एक उरला नाय, ती शिकून उपयोग काय? हां. मीपण तिला हेच म्हटलं होतं. अगदी हेच शब्द. तर तिने मला काय वाचून दाखवलंन, सांगू? फारोचा एक दगड हाय म्हणे. कोणाकोणाला मारलं, ते त्यावर खोदून ठेवलंय. शेवटी शेवटी एक नाव येतं — इस्रायल. आपलं. आजूबाजूच्या नावांना देशाची खूण, आपल्या नावाला नुसती माणसं. एक पुरुष, एक बाई, बसलेली. मुलूख नाय, गाव नाय. आणि पुढे लिहिलंय: इस्रायल संपला, त्याचं बी उरलं नाय.

बी उरलं नाय! तेल्याला सांगतो! अरे, तो लिहिणारा कुठे हाय, मायकल? आणि ज्यांचं बी संपलं, त्यांची पोरगी पेणला भुईवर बसून त्याला वाचते, वर त्याच्या लिहिण्यातल्या चुका काढते. मी इतका हसलो की ठसका लागला. मग — मग नाय हसलो. आमच्या मशिदीत, मुंबईवाले सिनेगॉग म्हणतात तिला, शनवारी प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा जमत नायत. तरी दार उघडतो, झाडतो, बसतो. उपयोग काय, म्हणून कोणी मला विचारलं नाय अजून. विचारून बघा.

नाय, रागावलो नाय. माझा आवाजच असा हाय. पण एक सांगतो. या घरात फारोला नावं ठेवायची, पोरीला नावं ठेवायची, ती मी. मी वाढवली, माझा हक्क. बाहेरच्याने येऊन बंद कर म्हणायचं नाय. शब्द पायजे होता ना माझा? घ्या. नाय. जाईल ती. जोनाथनबद्दल काही नाय, चांगला पोरगा. त्याला विचारायचं असेल तर तिला विचारू दे, तिच्या तोंडावर, ती परत आली की. — हां. आली तर. तेपण ठाऊक हाय मला, तुम्ही सांगायची गरज नाय.

उठा आता. रोह्याची गाडी मिळेल. चहा? चहा स्टेशनवर मिळतो. चप्पल तिकडे, घाण्याच्या तुळईपाशी. आणि तोंड असं करून जाऊ नका, लोकांना वाटेल मी —

कोण? दीना? केव्हापासून उभी हायेस गो तू दारात?

काय नाय. गाडीचं बोलत होतो.