ड्रॅगन पहिला, गोगलगाय शेवटची

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, कुणालाही निकामी म्हणायचं नाही. तेव्हा फरीदाबादला आमचे धाकटे भावजी व्हिडिओ गेममधल्या झुंजणाऱ्या प्राण्यांची क्रमवारी लावत होते. ड्रॅगन पहिला, माझ्या लेकीची, मुक्ताची लाडकी गोगलगाय शेवटची.

"बिल्कुल बेकार! वहिनी, तुम्हीच सांगा, काय कामाची ही?"

माझा नेम आडवा आला. "लढवून तर बघा," म्हटलं.

"हरली तर गेममधून पुसून टाकायची!"

मुक्ता रडवेली झाली.

ड्रॅगन आग ओकून ओकून दमला. गोगलगाय शंखात बसून जखमा भरत राहिली आणि जिंकली.

"भावजी, यादीत तुमचा नंबर कितवा हो?" एवढंच विचारलं. निकामी म्हटलं नाही हं! तुम्हीही यंदा हा नेम धराच.